रानातला राघू ठेवला तर गुन्हा, संकटात सापडलेला आफ्रिकन ग्रे विकत घेतला तर हौस?

पाणवठा (डिचोली)

फोंड्याच्या माझ्या मावसभावाच्या डोक्यात आफ्रिकन ग्रे शिरलाय. राखाडी अंग, लालभडक शेपूट, माणसासारखा बोलणारा तो पोपट. एका विक्रेत्याने साठ हजार सांगितलेत. त्यावरून रविवारी जेवताना घरात जी जुंपली ती हुमण गार झालं तरी मिटली नाही, म्हणून धागा काढतोय.

माझी अडचण अशी. आपल्याकडचा राघू, वठलेल्या माडाच्या ढोलीत पिल्लं काढणारा, जगात कुठेच धोक्यात नाही. लंडनच्या बागांतसुद्धा पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंचे थवे झालेत. तरी तो घरात ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट आफ्रिकन ग्रे २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. घानात १९९२ नंतरच्या पाव शतकात त्याची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. तो मात्र सरकारी संकेतस्थळावर नोंदवला की दिवाणखान्यात ठेवायला मोकळे. म्हणजे मुबलक आहे त्याला हात लावायचा नाही, आणि संपत चाललाय तो पैसे मोजून आणायचा!

माझं मत सांगून टाकतो: ग्रे घेऊ नये. पण भावाने "का?" विचारलं तेव्हा एका दमात सांगता येईना. दुर्मीळ आहे म्हणून? तो म्हणतो, हा पक्षी इथेच पिंजऱ्यात जन्मलेला, आफ्रिकेतला एकही कमी होत नाही. कोंडणं वाईट म्हणून? मग त्याच्या मुलीचे बजरीगर कित्येक वर्षं घरात आहेत, त्यांच्याबद्दल आमच्यापैकी कोणी ब्र काढलेला नाही.

बोला.

पिसारा (मडगाव)

बोलतो. मी पोपट वाढवतो आणि विकतो. कोन्युअर, कॉकटेल, लव्हबर्ड. ग्रे नाही, कारण त्याच्या पैदाशीला वेगळा परवाना लागतो आणि ते कागदाचं लचांड मला झेपत नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी रानातून वजा होत नाही. आणि जन्म सिद्ध कसा करायचा तेही सांगतो, कारण इथे लगेच कोणीतरी 'सगळे चोरीचे' म्हणून येणार. पिल्लू दहाबारा दिवसांचं झालं की त्याच्या पायात सांधा नसलेली अख्खी कडी घालतात. पुढची दोन बोटं आणि मागचं लांब बोट एकत्र धरायचं, त्यावरून कडी वर सरकवायची, आणि अडकलेलं चौथं आखूड बोट काडीने हळूच मोकळं करायचं. दोन दिवस उशीर झाला की चढत नाही. मोठ्या पक्ष्याला ती घालताच येत नाही. म्हणजे पायात योग्य मापाची अख्खी कडी असणं हा पिंजऱ्यातल्या जन्माचा दाखला आहे.

त्यानंतर रात्री उठून उठून सिरिंजने पेज भरवायची. ती चाळीस अंशांच्या आसपास हवी. जरा गार गेली तर गळ्याच्या पिशवीत आंबते आणि सकाळी पिल्लू मेलेलं असतं. हे करणाऱ्याला 'पक्ष्यांचा शत्रू' म्हणणाऱ्यांनी एक रात्र माझ्याकडे काढावी.

शेवटचं: ब्राझीलचा निळा स्पिक्स मकाव. रानातला शेवटचा नर २००० साली दिसेनासा झाला. जात उरली ती केवळ हौशी लोकांच्या पिंजऱ्यांत, आणि तिथल्या वंशातलेच पक्षी २०२२ साली परत रानात सोडले. पिंजरे नसते तर आज फक्त पेंढा भरलेले नमुने असते.

रानवाट (केरी, सत्तरी)

लगेच आलो, नाराज करत नाही.

स्पिक्सची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो कशाने संपला? नदीकाठची झाडं गेली हे एक. पण १९८० च्या दशकाच्या शेवटी जे बोटावर मोजण्याइतके उरले होते ते सापळेवाल्यांनी पकडून विकले. कोणाला? तुमच्या त्या 'हौशी लोकांना'. १९९० मध्ये शास्त्रज्ञांना रानात एकच नर सापडला, आणि स्वजातीची मादी नसल्यामुळे तो दुसऱ्याच जातीच्या मकाव मादीबरोबर हिंडत होता. ज्यांनी घर लुटलं त्यांच्याकडेच दागिने सापडले, तर त्यांना राखणदार म्हणायचं का?

आता ग्रे. १९७५ पासून रानात पकडलेले १३ लाखांहून जास्त ग्रे अधिकृत निर्यातीत नोंदले गेलेत. जाळ्यात, चिकात अडकून, खोक्यात गुदमरून जे वाटेत मेले ते या आकड्यात धरलेले नाहीत. 'पिंजऱ्यात जन्मलेला' या शिक्क्याचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घ्या. त्या देशात हा पक्षी रानात सापडतच नाही, तरी पिंजऱ्यातल्या ग्रेंचा तो मोठा निर्यातदार झाला. त्या शेतांवरची जोडपी काँगोच्या जंगलातून हजारोंनी आणलेली होती. म्हणून तर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या (साइट्स) २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत ग्रे सर्वांत कडक यादीत, म्हणजे परिशिष्ट १ मध्ये टाकून रानातल्या पक्ष्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला.

आणि कडी. योग्य मापाची कडी हा दाखला, मान्य. सैल कडी तेल लावून मोठ्या पायातही चढते. गिऱ्हाईक माप बघतं का? ते रंग बघतं आणि 'बोलतो का' विचारतं.

फेणीप्रेमी (काणकोण)

साठ हजारांत तो कोकणी बोलणार की इंग्रजी? भाषावाद तिथेही नको.

वायंगणकार (पेडणे)

सगळे पक्ष्याच्या बाजूने बोलतायत. माझ्याकडे वायंगणाचं भात आहे. कणीस दुधात आलं की सकाळी सातला राघूंचा थवा उतरतो. कणीस देठाकडून कातरायचं, माडावर घेऊन बसायचं, अर्धं खायचं, अर्धं खाली टाकायचं. दुसरं आणायला परत शेतात. खाल्लेल्याचं दुःख नाही हो, टाकलेलं बघवत नाही. डबे बांधा, चकचकीत फिती बांधा, चार दिवसांत त्यांना कळतं.

आमच्या आज्याच्या वेळी पडवीत एक राघू असायचाच. कोणी त्याला पाप म्हटलं नाही. देवळातल्या भिंतीवरच्या चित्रात राघू, गौळणीत राघू, आणि पडवीतला राघू तेवढा गुन्हा? शेतात हजार आहेत. त्यातला एक पिंजऱ्यात गेला तर कोणती जात बुडते?

रानवाट

वायंगणकार, नुकसान खरं आहे, त्याची भरपाई मिळायला हवी, त्यात दुमत नाही. पण शेतातला थवा आणि पिंजऱ्यातला राघू यांचा हिशेब वेगळा. पिंजऱ्यासाठी शेतातला मोठा पक्षी कोणी पकडत नाही, तो बोलायला शिकत नाही, चावतो. ढोलीतलं पिल्लू काढतात. आणि ढोलीत हात पोचला नाही तर खोड फोडतात. एका वर्षीची पिल्लं गेली ती गेलीच, पुढच्या कित्येक विणींची जागा पण गेली. पोपटाला स्वतः ढोली पोखरता येत नाही म्हटलं तरी चालेल, तो सुतार-तांबटाने सोडलेली जुनी ढोली थोडी रुंद करून घेतो. फुटलेल्या ढोलीवर नुसती राघूंची नाही तर पिंगळे, मैना सगळ्यांची नड असते.

दुसरं, ज्याला पिल्लं काढायची सवय लागली तो राघूवर थांबत नाही. आपल्या घाटात निळ्या पंखांचा मलबारी पोपट आहे, सह्याद्रीबाहेर जगात कुठेही नाही. मोले, नेत्रावळी, म्हादईच्या रानात पांगारा फुलला की त्यांचा कर्कश थवा झाडावर उतरतो, मध पितो, फुलं विस्कटतो. तो मुबलक नाही. ज्या मार्गाने राघूचं पिल्लू जातं त्याच मार्गाने हा जातो.

वायंगणकार

खोड फोडतात हे बरोबर. आमच्या बांधावर एक शेंडा गेलेला माड उभा आहे, त्यात दर वर्षी जोडी असते. गेल्या साली कोणीतरी रात्री शिडी लावली होती, शिडीच्या खुणा राहिल्या मातीत. मी कुत्रा तिथे बांधायला लागलो.

तुम्ही आता लगेच म्हणाल की बघा, मनातून पक्षी आवडतो. तसं काही नाही. माझ्या बांधावर परका माणूस नको.

पिसारा

रानवाट देशी पिल्लांची गोष्ट सांगून विदेशी पक्ष्यांचा खटला जिंकू बघतायत. ढोलीतून राघू काढणाऱ्याला आत टाका, टाळ्या मी वाजवतो. तो माझा धंदासुद्धा बदनाम करतो.

पण उलटा विचार करा. पोपट पाळायची हौस माणसाला हजारो वर्षांची आहे. ती कायद्याने मरत नाही. तिला घरात जन्मलेला कोन्युअर दिला नाही तर ती ढोलीकडे जाते. देशी पक्ष्यांवर बंदी असताना आजही राघू विकले जातात की नाही? चोरून, खोक्यांतून, पाचपाचशे रुपयांना. बंदीने काय साधलं?

कलमदान (पणजी)

धागाकर्त्याने दाखवलेली विसंगती वरवरची आहे, ती आधी मोकळी करतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीची वर्षं देशी पक्ष्यांचा व्यापार परवान्यावर चालायचा. तो १९९०-९१ च्या सुमारास बंद झाला. राघू दुर्मीळ झाला म्हणून नव्हे. परवान्याच्या आडून रानातला पक्षी विकला जात होता आणि बाजारात बसलेल्या राघूकडे बघून तो ढोलीतला की घरचा हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ज्या देशात पक्षी रानात मुबलक आहे तिथे तो पकडणं नेहमीच वाढवण्यापेक्षा स्वस्त पडणार. रात्री उठून पेज भरवण्यापेक्षा शिडी स्वस्त. म्हणून सरसकट बंदी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे.

विदेशी पक्ष्याचं रान आपल्या हद्दीत नाही. तिथे आपला कायदा एवढंच करू शकतो: सीमेवर अडवणं आणि आत असलेल्यांची मोजदाद. त्यासाठी चौथी अनुसूची, कलम ४९-एम आणि २०२४ चे नोंदणीचे नियम. जन्म, मृत्यू, मालक बदलणं, सगळं कळवावं लागतं. परिशिष्ट १ मधल्या जातींच्या पैदाशीला परवाना, जो पिसारा म्हणतात तो. बजरीगर, कॉकटेल, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि गंमत म्हणजे आपला राघू, पोपटांमधले हे चारच त्या आंतरराष्ट्रीय परिशिष्टांतून वगळलेले आहेत. म्हणून पुतणीच्या बजरीगरांना नोंदणी लागत नाही.

थोडक्यात, देशी पक्ष्यावरची बंदी पुराव्याच्या अडचणीतून आली आहे, दुर्मिळतेतून नाही. नीतीचा प्रश्न कायद्याने सोडवलेलाच नाही. त्याच्या जवळ आलं ते दिल्ली उच्च न्यायालय: २०१५ च्या एका आदेशात पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, पिंजऱ्यात कोंडून त्यांचा धंदा करण्याचा हक्क माणसाला नाही, अशा आशयाचं म्हटलंय.

रानवाट

'आत असलेल्यांची मोजदाद' हे वाचायला छान. २०२० साली केंद्राने काय केलं ते पण सांगा ना वकीलसाहेब. सहा महिन्यांत आपणहून जाहीर करा, कागद मागणार नाही! सीमेवरून कसाही आलेला पक्षी त्या सवलतीत धुऊन निघाला. आज जो 'इथेच जन्मलेला' म्हणून विकला जातो त्याच्या आईबापाचा माग तिथेच थांबतो.

युरोपने २००७ पासून रानपक्ष्यांची आयात कायमची बंद केली. त्यानंतर जगातला रानपक्ष्यांचा व्यापार ९० टक्क्यांच्या आसपास खाली आला. मागणी आवळली की फरक पडतो. 'हौस मरत नाही' ही सबब आहे.

पिसारा

हा तुमचाच चेंडू तुमच्याच जाळ्यात. युरोपने आयात बंद केली, पाळणं नाही. तिथे आजही घरोघरी पोपट आहेत आणि ते पैदास केलेले आहेत. रानातला माल बंद झाला कारण घरचा माल होता. मी सुरुवातीपासून हेच सांगतोय.

२०२० च्या सवलतीबद्दल: धुऊन निघाला हे काही बाबतीत खरं असेल. पण त्याआधी कोणाकडे काय आहे याचा पत्ताच नव्हता. कुठूनतरी सुरुवात करावीच लागते.

पाणवठा

पिसारा, युरोपचा मुद्दा बिनतोड आहे. कलमदान यांनी कायद्याचं गणित सोडवलं, पण मग माझा प्रश्न आणखी टोकदार झाला. समजा कागद शंभर टक्के खरे आहेत. कडी मापाची, आईबाप नोंदलेले, परवाना भिंतीवर. तरीही ग्रे घेऊ नये का? असेल तर कारण रानाचं उरत नाही, त्या एका पक्ष्याचं उरतं.

गुरांचा डॉक्टर (साखळी)

त्या एका पक्ष्याबद्दल मी सांगू शकतो. शिकलो गाईम्हशींचं, पण जवळपास दुसरं कोणी नाही म्हणून लोक पोपट घेऊन येतात. राघू असेल तर कापडी पिशवीत, वरून टॉवेल, आणि 'अंगणात सापडला' ही ठरलेली सुरुवात. नखं वाढून वळलेली असतात, म्हणजे चांगला दहा वर्षांपूर्वी सापडलेला असतो.

मागे एका घरातून ग्रे आला. कागद होते, पिंजरा महागडा, मालक सुशिक्षित. पक्ष्याची छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी, मांड्या उघड्या, पंखाखाली रक्ताचे ठिपके. डोकं मात्र अगदी व्यवस्थित, एकेक पीस जागेवर. मालकाला वाटलं बुरशी. बुरशीला डोकं वर्ज्य नसतं. डोक्यावरची पिसं शाबूत राहतात कारण स्वतःची चोच तिथे पोचत नाही. तो स्वतःच उपटत होता. घरात दोघं नोकरीला, मूल शाळेत, पक्षी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एकटा. रानात हा पक्षी रात्री शेकडोंच्या मेळ्यात झोपतो.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये बऱ्याच जातींचे पोपट तुलनेला घेतले. शरीराच्या मानाने मेंदू मोठा असलेल्या जातींत पिंजऱ्यात तेच ते येरझाऱ्या घालणं, डोलणं जास्त आढळलं. ज्या जातींना रानात अन्न फोडायला, सोलायला खटपट करावी लागते त्यांच्यात पिसं उपटणं जास्त. म्हणजे ज्या हुशारीसाठी लोक ग्रे घेतात तीच त्याला कोंडवाड्यात छळते. अमेरिकेतला ॲलेक्स नावाचा ग्रे रंग, आकार, संख्या ओळखून उत्तर द्यायचा. तो २००७ साली गेला तोवर आयरीन पेपरबर्ग बाई आणि त्यांचे विद्यार्थी दिवसभर त्याच्याशी बोलत होते. फोंड्याच्या फ्लॅटमध्ये ती सोय आहे का?

बजरीगरचं वेगळं, पण फार वेगळं नाही. १८४० पासून ते युरोपात पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेत. जोडीने, रुंद पिंजऱ्यात ठेवले तर बरे राहतात. एकटा, वीतभर गोल पिंजऱ्यात ठेवलेला बजरीगरही मी बघितलाय, त्याचं समर्थन करणार नाही.

पिसारा

डॉक्टर, एका आजारी पक्ष्यावरून सगळ्यांना तोलू नका. तुमच्याकडे आजारीच येणार, बरे असलेले कशाला येतील?

गुरांचा डॉक्टर

बरोबर आहे. पण बरे दिसणारे जे येतात, नखं कापायला वगैरे, त्यांच्यातही निम्म्यांना वर्षानुवर्षं नुसतं सूर्यफुलाचं बी घातलेलं असतं. अ जीवनसत्त्व नाही, यकृतावर चरबी. तोंड उघडलं की आत पांढरे चट्टे. मालक कौतुकाने सांगतो, 'दुसरं काही खातच नाही'. तुम्ही विकताना आहाराचा कागद देता?

पिसारा

देतो. वाचतात की नाही ते मला कसं कळणार?

सदाफुली (म्हापसा)

मला या हुशार चर्चेत भीत भीत शिरायचंय. आमच्या वाड्यावर एक आजी आहेत. गाव सांगत नाही, कलमदान ओळखीचे निघाले तर पंचाईत. थोरला पोर्तुगीज पासपोर्ट करून लंडनजवळ, धाकटा जहाजावर, लेक दुबईत. घर एवढं मोठं की एका टोकाला दिवा लावला तर दुसऱ्या टोकाला उजेड पोचत नाही. आजींजवळ राघू आहे. नवऱ्याच्या हयातीतला. तो सकाळी 'च्या झालो?' विचारतो, संध्याकाळी नातवंडांची नावं घेतो. नातवंडं स्वतः महिन्यातून एकदा फोन करतात.

पिंजऱ्याचं दार दिवसा उघडंच असतं. पक्षी खांद्यावर, जात्यावर, देवघराच्या उंबऱ्यावर. आजींना सांगू का की तुम्ही गुन्हेगार आहात?

रानवाट

आजींना कोणी गुन्हेगार म्हणू नये. पण एक विचारतो, राग मानू नका. तीन मुलांनी जे करायचं ते राघूकडून करून घ्यायचं, हे त्याच्यावर का? त्याला जोडीदार नाही, वीण नाही. 'च्या झालो' म्हणतो कारण बोलायला दुसरं कोणी नाही. दोन एकटे जीव एका घरात आहेत. त्यातला एक स्वतःहून आलेला नाही.

सदाफुली

आजीसुद्धा त्या रिकाम्या घरात स्वतःहून आलेल्या नाहीत, रानवाट. तुम्ही रोज तासभर जाऊन बसाल का त्यांच्याजवळ? मग नेऊया राघूला.

वायंगणकार

सदाफुलीबाई, जोरात लागलं हो.

कलमदान

ओळखीचा निघालो तरी मी वनखात्याचा माणूस नाही. कायद्याचं सांगायचं तर असा पक्षी वनखात्याच्या ताब्यात द्यायचा असतो. सांगणं माझं काम, जाऊन उभं राहणं नाही.

एक मात्र कोणी करू नका: पाप फेडायला म्हणून एकादशीला दार उघडून सोडून देणं.

गुरांचा डॉक्टर

हे अधोरेखित करा कोणीतरी. वर्षानुवर्षं घरात असलेल्याच्या पंखांत बळ नसतं, ससाण्या-शिकऱ्याची भीती नसते, फळ कुठे शोधायचं माहीत नसतं. पहिल्या दुपारी कावळे धरतात. वाचला तरी घरातला रोग थव्याला देतो. परतवायचा तर मोठ्या जाळीच्या खोलीत महिनोन् महिने उडायला शिकवून, इतर राघूंच्या सोबतीने.

आजींचा राघू म्हातारा असेल तर माझ्या मते तो आहे तिथे राहू दे. पेरू, ओली मिरची, भोपळ्याच्या बिया, पालेभाजी द्या, साखळी असेल तर काढा. त्याच्यानंतर दुसरा आणू नका, एवढं आजींच्या मुलांना कोणीतरी बजावा.

रानवाट

यावर मी डॉक्टरांशी भांडणार नाही. वकीलसाहेब भांडतील कदाचित.

पिसारा

मॉरिशसच्या एको पोपटाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. आपल्या राघूचा सख्खा नातेवाईक. १९८० च्या दशकात जेमतेम डझनभर उरलेले. आज काही शे आहेत. कशामुळे? अंडी यंत्रात उबवणं, पिल्लांना हाताने भरवणं, जोड्या जमवणं. हे ज्ञान कोणाकडून आलं? पिंजऱ्यात पोपट वाढवणाऱ्यांकडून. 'पाळणं म्हणजे पाप' म्हणून सगळं बंद करा, मग पुढची जात संपायला लागेल तेव्हा सिरिंज धरता येणारा माणूस शोधा.

रानवाट

उत्तम उदाहरण, पूर्ण करतो. तिथली पिल्लं परत रानात जाण्यासाठी वाढवली, कोणाच्या दिवाणखान्यासाठी नाही. शिवाय त्या बेटावर आपला राघू पोचला तो माणसाने नेलेला, पिंजऱ्यातून सुटलेला. एकोच्या ढोल्या बळकावतोय. पिसं गळून चोच कुजणारा विषाणू जगभर पोपटांच्या व्यापारातूनच पसरला, त्यानेही त्या बेटावर पिल्लं मारली. तुमच्या हातातलं कसब मी नाकारत नाही. पण ते हॉलमध्ये विकायचं आणि नाव संवर्धनाचं घ्यायचं, हे पटत नाही. किती कोन्युअर तुम्ही दक्षिण अमेरिकेत सोडलेत?

पिसारा

एकही नाही. संवर्धन करतो असं मी म्हटलंही नाही. मी म्हणतो मी नुकसान करत नाही. या दोन्हींत फरक आहे आणि तुम्ही तो मुद्दाम पुसताय.

वायंगणकार

पिंजऱ्यावर सात दिवस भांडाल. मोलेतून रेल्वेचा दुसरा रूळ, चौपदरी रस्ता, विजेची लाइन एकदम न्यायची होती तेव्हा किती झाडांच्या ढोल्या जाणार होत्या? रेल्वेच्या मंजुरीला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लगाम घातला, नाहीतर तुमचा तो मलबारी पोपट कशाला, पांगारापण दिसला नसता. आणि आमच्याकडे डोंगर कापून बंगले चाललेत त्याचं कोणी धागा काढत नाही. त्या बंगल्यांत मग शोभेला मकाव आणतात.

फेणीप्रेमी

वायंगणकारांना माझ्याकडून एक कोपा.

बाकी रेंदेरांना, म्हणजे माडाची ताडी काढणाऱ्यांना विचारा: माडाला बांधलेल्या मडक्यातली सूर (ताडी) चोरून पिणारा तो चिमणीएवढा, उलटा लटकणारा पोपट. पिऊन खाली पडलेला सापडतो कधीकधी. त्याला घरी नेऊ नये, शुद्धीवर आला की जातो. माझ्यापेक्षा बरा.

पाणवठा

धागा भावाला वाचायला दिला. डॉक्टरांच्या प्रतिसादावर तो बराच वेळ थांबला. त्याची बायको म्हणाली, आठ ते सहा घर बंदच असतं आपलं. मुलगी म्हणते, ग्रे नको तर बजरीगरांना मोठा पिंजरा द्या.

माझं उत्तर मला मिळालं असं वाटतंय: राघू नको तो ढोलीमुळे, ग्रे नको तो ग्रेमुळे. दोन्हींना एकच कारण असायला हवं हा माझाच हट्ट होता. पिसारा यांना हे मान्य होणार नाही, चालेल.

भाऊ मात्र अजून हलला नाहीये पूर्ण. त्याने विक्रेत्याला फोन करून आईबापाची नोंदणी मागितली. तो म्हणाला, "पक्षी घेऊन जा, कागद महिन्याभरात पाठवतो, सगळे असंच करतात."

कलमदान

मग व्यवहार करू नका. हस्तांतर नोंदवल्याशिवाय पक्षी घरात आला की त्या दिवसापासून अडचण तुमच्या भावाची, विक्रेत्याची नाही.

पिसारा

'सगळे असंच करतात' हे खोटं आहे. मी करत नाही. त्या माणसाकडून बजरीगरचा पिंजरासुद्धा घेऊ नका.

रानवाट

पिसारा यांच्याशी सहमत. तारीख लिहून ठेवा कोणीतरी.